रविवारची पुसापुशी

चेन्नईत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न "जेवलास का?" सकाळी नऊला हाच, दुपारी चारलाही हाच. आमचे सेतुमामा मात्र विचारतात, "बॅकअप घेतलास का?" माझ्या साखरपुड्यात अक्षता टाकायच्या आधी त्यांनी हेच विचारलं. सासरे बिचारे घाबरून सासूबाईंकडे बघायला लागले.

मामा तंजावरकडचे मराठी. उभा जन्म गिंडीच्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात गेला. आता अण्णा नगरच्या घरात एकटेच बसून ‘परत’ नावाचं सॉफ्टवेअर लिहितात. कॉम्प्युटरची अख्खी डिस्क जशीच्या तशी उचलून दुसरीकडे ठेवायची आणि वेळ आली की जशीच्या तशी परत आणायची, एवढंच त्याचं काम. सगळं फुकट. कुठल्या कुठल्या देशांतले लोक ते वापरतात आणि काही अडलं तरच पत्र लिहितात. मामांचं प्रत्येक उत्तर एकाच वाक्याने सुरू होतं : ‘प्रथम कशालाही हात लावूं नका, कॉफी प्या.’

आमची ओळख गणपतीत झाली. "राहतोस कोठें?" त्यांनी विचारलं.

"पेरुंगुडीला."

"कितवा मजला?"

"पाचवा."

मामांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, यांच्या घरात लग्नाची मुलगी आहे! कसली मुलगी नि कसलं काय! "बहु चांगलें! इथें पूर आला तरी तुझ्याकडे पाणी चढत नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर एक पेन ड्राइव्ह ठेवला. एक प्रत घरात आणि एक लांब, हा त्यांचा धर्म. मी म्हणजे ‘लांब’.

तेव्हापासून दर रविवारी तो पेन ड्राइव्ह घेऊन मी अण्णा नगरला जातो. अकरा वाजता मामा कापूर लावतात, कॉम्प्युटरपुढे लिंबू ठेवतात आणि स्वतःची डिस्क साफ पुसून टाकतात. अगदी कोरी! मग माझ्याजवळच्या प्रतीवरून सगळं परत आणायचं, की पुढच्या रविवारपर्यंत मामा खूश.

"अहो मामा, एखाद्या भंगार कॉम्प्युटरवर करा की तालीम!" मी एकदा वैतागून म्हणालो.

"भीती वाटत नाही तर तालीम कसली? परत आलें नाही, तें ठेवलेलेंच नाही, कण्णा!" लाडाने ते मला कण्णा, म्हणजे बाळा, म्हणतात.

आणि एका आठवड्यात माझी अक्कल चरायला गेली. मावसभावाच्या लग्नाचा व्हिडिओ आणायचा होता, जागा पुरेना. पेन ड्राइव्हवरची मामांची ती भली मोठी फाइल मी उडवली. म्हटलं, मामांकडे असणारच की! रविवारपर्यंत विसरूनही गेलो.

रविवारी कापूर लागला, डिस्क पुसली गेली, मामांनी पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर आलं, ‘प्रत सापडली नाही.’ त्यांनी उघडून पाहिलं, तर वरातीत आमचा मावसभाऊ फेटा सांभाळत नाचतोय!

मला हसू फुटणार होतं. पण मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते विरून गेलं.

ते स्वयंपाकघरात गेले आणि अप्पळमच्या डब्यातून दुसरा पेन ड्राइव्ह काढून आणला. घरातली प्रत. पण हिची तालीम कधीच झाली नव्हती. पापडाचे कण झटकून त्यांनी तो लावला. कॉफी प्या म्हणायलाही ते विसरले. चाळीस मिनिटं आम्ही दोघं पडद्यावर पुढे सरकणाऱ्या टक्क्यांच्या आकड्याकडे बघत बसलो. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

शंभर झाले. मामांनी सगळ्यात आधी एक छोटीशी फाइल लावली. भांड्यांचा आवाज, मग एका बाईचा, चिडलेला :

"अहो, पुरे कीं तें यंत्र! पान वाढलें, निवून जातें. या कीं जेवायाला!"

एवढंच. मामी जाऊन चार वर्षं झालीत, हे मला ठाऊक होतं. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"काहीतरी तपासत होतों, चुकून मायक्रोफोन चालू राहिला," मामा म्हणाले. "तेव्हां गेलों नाही जेवायाला. दोन मिनिटें म्हणालों." त्यांनी चष्मा पुसला. "आतां दर रविवारी पुसतों आणि परत आणतों. आली कीं बरें वाटतें."

मामांनी नवी प्रत करून पेन ड्राइव्ह पुन्हा माझ्याच हातावर ठेवला. माझ्याच! मी तो शर्टाच्या खिशात घातला आणि पेरुंगुडीपर्यंत खिशावरचा हात काढला नाही.

पुढच्या रविवारी दहालाच त्यांच्या दारात हजर झालो. बॅकअपचं उत्तर ओठांवर तयार होतं. मामांनी दार उघडलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "जेवलास का?"