मन्मथअप्पांचा पेचकस

मन्मथअप्पा पेचकस दातात धरून गाडी तपासतात. चेष्टेनं सांगत नाही, समोर उभा राहून पाहिलंय. हातभर लांब पेचकस, त्याची लाकडी मूठ दाढेखाली, टोक चालू इंजिनावर आणि डोळे मिटलेले. मग अप्पा होकाराची मान हलवायला लागतात. "हाव... हाव..." आतून कुणीतरी बोलून राहिलंय आणि हे शांतपणे ऐकून घेताहेत, असं! नवं गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरकतं. पहिल्यांदा मीही सरकलो होतो.

मुरुडच्या बाजारात माझं बी-बियाण्याचं दुकान, त्याला लागून अप्पांचं गॅरेज. अप्पा ठार बहिरे. लहानपणापासून कान वाहायचे, नऊ वर्षांपूर्वी दोन्ही पडदे गेले. लेकीनं लातूरहून कानाचं मशीन आणून दिलं, तर आत काय आहे ते बघायला अप्पांनी ते खोललं. अजून एका डबीत सुटं पडलंय. पण इंजिनाचा आवाज दातांतून डोक्यात चढतो म्हणे, आणि तो त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा स्वच्छ कळतो.

गिऱ्हाईक हातवारे करून गाडीचं दुखणं सांगायला लागलं की अप्पा त्याला गप्प करतात. "माणूस झूट बोलतो. गिअरबॉक्स न्हाई बोलत." मग स्वतःच क्लच दाबून-सोडून बघणार. "दाबला की गप बसून राहिली. म्हंजे दुखणं गिअरबॉक्सात. दाबल्यावर कण्हली असती, तर क्लचात." इथपर्यंत ठीक आहे, कुठलाही मिस्त्री सांगेल. पुढचं ऐका.

रेणापूरकडचा एकजण जुनी मोटारसायकल घेऊन आला. गिअर टाकला की आत खाडकन वाजायचं. अप्पांनी पेचकस लावला, बराच वेळ मान हलवली आणि विचारलं, "ही चालवणारा डाव्या हातानं अधू होता का?" तो माणूस पांढराफटक पडला. गाडी त्याच्या चुलत्याची. चुलत्याची डाव्या हाताची दोन बोटं कडबाकुट्टीत गेलेली, आणि चुलता दिवाळीत वारलेला. "क्लच पुरा कधी दाबलाच न्हाई त्यानं," अप्पा म्हणाले. "अजूनबी अर्धाच दाबून राहिला." तो पठ्ठ्या गाडी तिथंच टाकून एसटीनं घरी गेला. आठवडाभर न्यायला आला नाही.

मग माझी पाळी आली. माझ्या गाडीचा क्लच घसरत होता. इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी पुढं सरकायला मागायची नाही. अप्पांनी ऐकलं आणि म्हणाले, "प्लेटी गेल्यात. अन् भाऊ, तिसऱ्यात टाकताना तुम्ही लई कचरता. तिसऱ्यात काय झालं होतं?" आता काय सांगू! बारा वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या वळणावर माझ्या चाकाखाली कुत्र्याचं पिल्लू आलं होतं. गाडी तेव्हा तिसऱ्यात होती. हे मी बायकोलासुद्धा बोललेलो नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

अशानं गावात बोलवा झाली, की अप्पांच्या पेचकसातून मेलेली माणसं बोलतात. यावर सगळ्यात पक्का विश्वास कुणाचा, तर त्यांच्या बायकोचा, गंगाकाकूंचा. काकू दुपारचा डबा आणायच्या, पण पेचकस दिसला की पदर सावरून उंबऱ्याबाहेरच थांबायच्या. "मला नगा लावू त्यो. मी जित्ती हाय!" अप्पांना त्यातलं अक्षर ऐकू यायचं नाही. ते आपले हसायचे.

यंदा काकूंचा घसा बसला. दोन महिने झाले तरी सुटेना. लातूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गाठ वाईट आहे, आवाजाची पेटीच काढावी लागेल. काकू वाचतील, पण पुन्हा बोलायच्या नाहीत.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी अप्पांनी मला हाक मारली. लाईट गेलेली, ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आत अंधारात अप्पा पेचकस साबणानं धूत बसले होते. धुऊन झाल्यावर त्यांनी टोकाला सायकलच्या ट्यूबचा मऊ तुकडा बांधला.

"भाऊ, नऊ वर्सं झाली, तिचा आवाज न्हाई ऐकला. उद्या त्यो जाणार. तुम्ही सांगा की तिला. मी म्हणलं तर भिऊन पळंल."

मला भडभडून आलं, खोटं कशाला बोलू.

काकू डबा घेऊन आल्या. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पेचकसाकडं बघितलं. मग फाटक्या आवाजात कुजबुजल्या, "म्हंजे माझं बी आतलं सगळं कळंल त्यांला?"

"कळेल," मी म्हणालो. मला काय माहीत!

काकूंनी डबा खाली ठेवला आणि उंबरा ओलांडून आत आल्या. अप्पांसमोर स्टुलावर बसल्या. अप्पांनी मूठ दाढेखाली धरली, डोळे मिटले. टोक काकूंनी स्वतःच्या हातानं गळ्याला टेकवलं.

त्या काय बोलल्या ते हातभर अंतरावरून मला ऐकू आलं नाही. आवाज असा उरलाच नव्हता, नुसता फरफरणारा श्वास. खूप वेळ बोलल्या. मध्येच चिडल्या, मध्येच हसल्या, एकदा तर बोट नाचवून दटावलंही. आणि अप्पा मिटल्या डोळ्यांनी मान हलवत होते. "हाव... हाव..." भर दुपारी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मला बाहेर जायचं होतं, पाय निघत नव्हता.

शेवटी अप्पांनी पेचकस तोंडातून काढला. तोंडभर हसू, आणि दाढी ओली झालेली.

"भाऊ, आवाज जसाच्या तसा हाय! लग्नात होता तसाच. काय बी खराब न्हाई झालेलं. आत्ता डॉक्टरला फोन लावा. काढू नका म्हणावं!"

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडं बघून सावकाश मान हलवली. फोन नको.

अप्पा माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होते. मी मोबाईल काढला, कुणालाही न लावता कानाला धरला, आणि त्यांना दिसावं म्हणून नुसते ओठ हलवत राहिलो.