तळलेलं छप्पर

गोदाआजी सिंगापुरात, पुंगोलला लेकाकडे आल्या, तेव्हापासून दिवाळीच्या शंकरपाळ्यांवर त्यांचीच सत्ता होती. शाळेत त्या तिसरीच्या पुढे गेल्या नव्हत्या, पण त्यांचा कुठलाही शंकरपाळा उचलून दुसऱ्यावर ठेवावा, कडेला कड लागायची. सून नीता बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती. तिचे शंकरपाळे मात्र आजींच्या मते, "एक बैल नि एक वासरू."

म्हणून त्या सकाळी ओट्यावर फडक्याखाली झाकलेलं ताट दिसलं, तेव्हा आजींनी कपाळाला हात लावला. कच्चे काप, कुठे तळहाताएवढे, कुठे नखाएवढे, सगळे वाकडे. नीता ऑफिसला गेलेली. रविवारी महाराष्ट्र मंडळातली मीनल फराळाला यायची होती, आणि मीनलला काही दिसलं की ते शहराच्या दुसऱ्या भागात, पार टॅम्पिनीसपर्यंत पोचायचं. सुनेची लाज ती घराची लाज. आजींनी कढई चढवली.

तळून एक चाखला, तर तोंडाचा समुद्र झाला. साखरेच्या जागी मीठ! ही बाई बँकेत काय घोळ घालत असेल, असं पुटपुटत त्यांनी अर्ध्याहून जास्त काप डब्यात भरले. अन्न टाकवत नव्हतं. समोरच्या टॅन अंकलना खारट आवडतं, डबा तिकडे पोचता झाला.

संध्याकाळी नात कादंबरी कॉलेजातून आली. घरं बांधायचं शिकत होती ती. जेवणाच्या टेबलावर तिनं उत्तर इंग्लंडातल्या तीनशे वर्षं जुन्या शेतघराची प्रतिकृती उभी केली होती. भिंती जाडजूड, दगडी, खिडक्या बारक्या, आणि एकाच लांब छपराखाली इकडे माणसं, तिकडे गुरं. गोरे असूनही गुरांना घरात घेतात म्हणून आजींना ते लोक बरे वाटले होते. फक्त छप्पर व्हायचं राहिलं होतं.

"आजी, ओट्यावरच्या माझ्या फरशा कुठायत?"

तिकडे छपरावरही दगडी फरशाच घालतात. कादंबरीनं त्या मैदा आणि मिठाच्या केल्या होत्या, पण सिंगापूरच्या दमट हवेत वाळतच नव्हत्या. उद्या सगळं परीक्षकांपुढे मांडायचं होतं, नाहीतर वर्ष गेलं.

आजींनी जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती.

"तळल्या," त्या म्हणाल्या. "ओल्या होत्या."

कादंबरी ओट्याकडे धावली. मग तिनं उरलेल्यातली एक उचलून टेबलावर आपटली. खट्ट! तपकिरी, फोड आलेली, थेट फोटोतल्या दगडासारखी.

"सो हार्ड लाह," ती तिथल्या सिंगापुरी इंग्रजीत पुटपुटली आणि चिकटवायला बसली. अर्धं छप्पर झालं नि फरशा संपल्या.

नुकतीच आलेली नीता टॅन अंकलकडे धावली. परतली ती रिकामा डबा घेऊन. त्यांनी बिअरबरोबर सगळ्या संपवल्या होत्या आणि आणखी आहेत का, असं विचारलं होतं.

शेवटी आजींनीच लाटणं घेतलं. पण कादंबरीला काप सारखे नकोच होते. मोठ्या, जड फरशा खाली भिंतीवर, वर जाल तशा लहान, आणि कडा वेड्यावाकड्या, अशी तिकडची रीत. आजींचा हात काही केल्या वाकडा जाईना. नीता चहाचा कप घेऊन शेजारी उभी राहिली. इतक्या वर्षांत एवढा सावकाश चहा ती प्यायली नव्हती.

"आई, हाही सरळच आला," ती म्हणाली. "परत लाटा."

आजींनी मुकाट्यानं परत लाटलं.

कादंबरी पास झाली. परीक्षकांनी म्हणे छपरावरून दोनदा हात फिरवला आणि नंतर बोटं रुमालाला पुसली.

रविवारी मीनल आली. त्या धांदलीत खरे शंकरपाळे नीतानं केले होते. मीनलनं एक बैल उचलला, एक वासरू उचललं, आणि भुवया वर गेल्या.

"आजी, यंदा असे लहानमोठे?"

नीता ताट उचलायला पुढे झाली. आजींनी ताट स्वतःकडे ओढलं, मोठे शंकरपाळे खाली लावले, लहान वर रचले.

"तुला नाही कळायचं," त्या म्हणाल्या. "इंग्लंडात तीनशे वर्षं असंच रचतात. पाऊस आत येत नाही."