सुलैबियाच्या टीमचा पहिला सामना

जाळी दिसली की इब्राहिमचाचा तिच्यात दोन बोटं घालून ओढून बघतात. मग ती जाळी कशाचीही असो. दुकानातली कांद्याची पिशवी, बागेतलं बॅडमिंटनचं नेट, इथल्या, म्हणजे कुवेतच्या, एगैला भागातल्या मॉलमध्ये विकायला टांगलेला जाळीचा झोपाळा. आमच्या मंडळाच्या गणपतीच्या जेवणात त्यांनी आचाऱ्याच्या डोक्यावरची जाळीची टोपीसुद्धा ओढून पाहिली. तो बिचारा हातात मठ्ठ्याचं भांडं घेऊन उभाच राहिला. "ढिली हाय," असं म्हणून चाचा जिलबी घेऊन पुढे गेले.

चाचा रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठचे. कुवेतमध्ये त्यांना तीसेक वर्षं झाली. सुलैबियातल्या बटाट्याच्या एका गोदामात ते स्टोअरकीपर आहेत आणि राहतात आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर. मी मंडळाची स्मरणिका काढतो, म्हणजे दरवर्षी लोकांच्या मागे लागून लेख गोळा करतो. यंदा मात्र चाचाच माझ्या मागे लागले. पुढच्या महिन्यात ते कायमचे गावी निघाले आहेत.

"साहेब, जायच्या आदी आमच्या टीमचा इतिहास लिवून घ्या."

"कसली टीम, चाचा?"

"लॅक्रोसची. बॉक्स लॅक्रोस. आमच्या गोदामात होती. पगारी पिलेयर. इतिहास हाय हा, गप्पा नाय!"

हे त्यांचं पेटंट वाक्य. पण मला या गप्पाच वाटल्या. शेवटी माझ्या मुलीने फोनवर शोधून निकाल दिला, "बाबा, इट्स अ रिअल गेम," आणि ती परत तिच्या कामाला लागली. मी वही घेतली आणि तळमजल्यावर गेलो. तिथून माझं डोकं जे फिरलं, ते अजून पुरतं जागेवर आलेलं नाही.

"हा खेळ हॉकीसारखा का?" मी विचारलं.

"बर्फाच्या हॉकीसारखा. फक्त बर्फ नाय. चारी बाजूनी फळ्या मारून डबा केलेला. त्यात पाच धावणारे, एक गोली. हातात काठी, काठीच्या टोकाला जाळी, जाळीत बॉल."

"आणि काठीने बॉलला मारायचं?"

"बॉलला कशाला? माणसाला! काठी आडवी धरायची नि ढकलायचं."

"मग फाउल होत नाही?"

"कदी होतो, कदी नाय. झाला तर डब्यात जाऊन बसायचं."

"पण सगळे डब्यातच आहेत ना?"

"त्या डब्याच्या बाजूला दुसरा डबा," चाचा म्हणाले आणि माझ्याकडे दयेने बघायला लागले.

मी वहीत एक चौकोन काढला, त्याला चिकटून आणखी एक काढला आणि दोन्ही खोडले. इतिहास मात्र हळूहळू हाती येत गेला. आठेक वर्षांपूर्वी कुठल्याशा कंपनीला वाटलं की आखातात हा खेळ चालेल. तिने रिकामं पडलेलं गोदाम भाड्याने घेतलं, हिरवा गालिचा अंथरला, कॅनडातून खेळाडू आणले आणि नाव दिलं 'सुलैबिया स्टॅलियन्स'. टीम सात सामने खेळली. मग कंपनी गेली, खेळाडू गेले आणि गोदामात परत बटाटे आले. मोसम अर्ध्यातच संपला. चाचा मात्र 'संपला' म्हणत नाहीत, 'थांबला' म्हणतात.

दुसरा सामना त्यांना तोंडपाठ होता. चौदा-बारा, आपण जिंकलो. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे गोल आणि कुणाचा दात कुठे पडला तेही. सातपैकी चार जिंकलेले. पण पहिल्या सामन्याचं विचारलं की चाचा चहा टाकायला उठायचे. तीन बैठका झाल्या आणि मी नऊ कप चहा प्यायलो, तरी माझा इतिहास दुसऱ्या सामन्यापासूनच सुरू होत होता.

"चाचा, पहिला सामना झाला तरी का?"

त्या शुक्रवारी ते नमाजाहून नुकतेच आले होते. या खेपेला उठले नाहीत. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बोलायला लागले.

झालं होतं असं. काठ्या आल्या, पण त्यांच्या जाळ्यांचं खोकं वाटेत कुठेतरी अडकलं आणि सामना दुसऱ्या दिवशी. कॅप्टन डॅनियल डोकं धरून गोदामाच्या पायरीवर बसला होता. चाचा म्हणाले, जाळीच ना, मी विणतो. त्यांचे वडील खाडीत पाग टाकायचे, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. त्याची गाठ चाचांच्या बोटांत लहानपणापासून होती. एका दिवसात त्यांनी वीस काठ्या विणून दिल्या. डॅनियलने त्यांना मिठीच मारली.

"नि साहेब, मासा आत शिरला की भायेर पडता नये, अशी ती गाठ."

मला काही कळेना. "मग?"

"मग काय? बॉल आत जाय, पण भायेर येयना! दानियल काठी झटकतोय, झटकतोय, बॉल चिकटलेला. समोरच्यांचा गोलीसुद्दा हसाय लागला. कंपनीचे मोठे लोक म्होरल्या खुर्च्यांवर होते, ते उठून गेले. सतरा-एकनं हरलो." चाचांनी मांडीवरची टोपी दुमडली. "मी रातोरात सगल्या जाल्या उसवून परत विणल्या. धरायचं नि सोडायचं, दोन्ही होईल अशा. पण गेलेले लोक परत नाय आले. टीम माज्या गाठीनं बुडाली. हे लिवायचं की नाय, तुमी सांगा."

आठ वर्षं हा माणूस आचाऱ्याच्या टोपीपासून झोपाळ्यापर्यंत प्रत्येक जाळी का ओढून बघत होता, ते मला तेव्हा समजलं. मी इतके दिवस त्यांना हसत होतो. मला माझीच लाज वाटली.

मुलीला सांगून डॅनियलचा पत्ता शोधून काढला. तो आता कॅनडातल्या एका शाळेत शिकवतो. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं लिहिलं आणि आठवड्याने उत्तर आलं. ते घेऊन मी खाली गेलो. चाचांची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

मी वाचून दाखवलं. कंपनीने पैसे काढून घ्यायचं पहिल्या सामन्याच्या आधीच ठरवलं होतं, जाळ्यांचा काही संबंध नव्हता. चाचांनी मान हलवली. ऐकलं की नाही, कळलं नाही. मग मी सोबत आलेला फोटो दाखवला. डॅनियलच्या घरातली भिंत, भिंतीवर एक काठी, आणि काठीच्या जाळीत घट्ट बसलेला पांढरा बॉल. खाली त्याने लिहिलं होतं, "इब्राहिमला सांगा, ही एक मी लपवून ठेवली, त्याला उसवू दिली नाही. बॉल अजून निघालेला नाही."

चाचांनी फोन हातात घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि ती दोन बोटं तशीच काचेवर, जाळीच्या जागी ठेवून राहिले. डोळे पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

"वरची दोरी ढिली पडली हाय," ते म्हणाले. "त्याला लिवा, गावच्या पत्त्यावर धाडून दे. ताणून देतो."

"लिहितो."

"नि वही आणलाव काय?"

मी वही उघडली. चाचा खुर्ची ओढून समोर बसले.

"लिवा," ते म्हणाले. "पयला सामना."