क्विरिनोची सात पेनं आणि कोर्वावरची वही

"कोर्वाचं शिखर ना? अहो, डोळ्यांवर पट्टी बांधून चढून दाखवतो! पट्टी काय, उलटा चालत जाईन!"

क्विरिनो हे वाक्य दर उन्हाळ्यात निदान दोनशे वेळा म्हणायचा. आमच्या वाल्दोरेना गावात त्याचं अकरा खोल्यांचं हॉटेल आहे. हिवाळ्यात बर्फावर घसरायला माणसं येतात, उन्हाळ्यात डोंगर चढायला येतात, आणि दोन्ही मोसमांत सकाळच्या कॉफीबरोबर क्विरिनोच्या बढाया फुकट! भिंतीवर त्याचा मोठा फोटो आहे. खांद्यावर दोराचं वेटोळं, डोक्यावर लाल टोपी, नजर लांब कुठेतरी. फोटो हॉटेलच्या परसात काढलाय. नीट पाहिलंत तर कोपऱ्यात वाळत घातलेल्या चादरी दिसतात.

"आणि वरून दिसतं काय हो?" पाहुणे विचारायचे.

"समुद्र! हवा स्वच्छ असली की थेट व्हेनिसचा समुद्र!"

आता तुमच्यापासून काय लपवायचं? क्विरिनोनं कोर्वाच्या शिखरावर जन्मात पाय ठेवला नव्हता. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी तो पहाटे मोठ्या थाटात निघायचा आणि दोन तास चढून तार्चिझिओच्या विसाव्यापर्यंत जायचा. डोंगराच्या निम्म्यावरचं ते दगडी घर. चढणाऱ्यांना तिथे जेवण मिळतं, झोपायला खाट मिळते. क्विरिनो तिथे अंगणातल्या टेबलाशी बसून मक्याच्या पिठाचा पोलेंटा आणि सॉसेज हाणायचा, संध्याकाळपर्यंत तार्चिझिओशी पत्ते कुटायचा, मग गुडघ्याला माती फासून जरासा लंगडत खाली यायचा. बायको अर्मीदा गरम पाण्याची बादली तयार ठेवायची. "दमलास ना?" विचारायची. हा म्हणायचा, "दमतोय कसला!"

सगळं सुरळीत चाललं होतं. मग फादर चेलेस्तिनोंनी बारमध्ये विषय काढला.

"कोर्वावरची वही भरली बरं का," फादर म्हणाले.

शिखरावर लोखंडी क्रूस आहे. त्याच्याखाली पत्र्याचा डबा, डब्यात वही. वर जाईल त्यानं नाव, तारीख आणि मनात येईल ती एक ओळ लिहायची. वहीत नाव नाही तो चढलाच नाही, दुसरा कुठलाही पुरावा आमच्याकडे चालत नाही. बाहेरचे लोक तारेवरच्या पाळण्यात बसून पलीकडच्या मोठ्या शिखरावर जातात, त्यामुळे कोर्वावर फक्त गावचीच माणसं. एक वही अकरा वर्षं पुरली.

"नवी वर न्यायची, जुनी खाली आणायची," फादर पुढे म्हणाले. "रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की चौकात वाचू. कोणाला पाठवावं बरं?"

"क्विरिनोला!" सगळा बार एका सुरात ओरडला. इतका एका सुरात की तालीम केली असावी असं वाटावं.

क्विरिनोच्या तोंडचं पाणी पळालं. पण लाल टोपी सावरत तो म्हणाला, "एवढंच ना? शनिवारी आणून देतो!"

रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा नाही. रविवारी अख्ख्या चौकात वही वाचणार, आणि त्यात क्विरिनोचं नाव एकदाही नाही! पितळ उघडं पडणार. पाहुणे हसतील ते हसतील, पण अर्मीदा? अकरा वर्षं तिनं गरम पाणी काढलं होतं. तिच्यासमोर कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

पहाटे त्याला युक्ती सुचली. वही आणणारा कोण? आपणच! मग आधी वर जायचं, दर वर्षाच्या ऑगस्टच्या पानावर समासात आपलं नाव घुसवायचं आणि मगच वही खाली आणायची. एकाच शाईनं लिहिलं तर संशय येईल, म्हणून त्यानं हॉटेलभर फिरून सात पेनं गोळा केली. निळी, काळी, हिरवी, एक जांभळं, आणि स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या सॉसचे डाग पडलेलं लाल. सातही पँटच्या मागच्या खिशात! आपल्या हुशारीवर तो स्वतःच खूश झाला.

शनिवारी पहाटे दार उघडतो तर बाहेर अर्मीदा, पाठीवर पिशवी लावून तयार!

"कुठे निघालीस?"

"तुझ्याबरोबर. इतकी वर्षं ऐकतेय, एकदा बघू तरी दे, तू वर काय काय करतोस ते."

"अगं, फार अवघड आहे! धाप लागेल तुला!"

"लागली तर बसेन."

हे त्याला पटलं. बसली तर बरंच, तेवढ्यात सह्या उरकतील. मग त्याचं लक्ष तिच्या बुटांकडे गेलं.

"हे बूट कोणाचे?"

"माझे."

"एवढे झिजलेले?"

"वापरले की झिजतात."

बूट झिजतील एवढी ही चालते कुठे? सप्टेंबरात पाहुणे गेले की दोन दिवस बहिणीकडे जाते, पण तिकडे तर बसनं जाते! क्विरिनो विचार करत राहिला आणि पहिल्याच वळणावर मागे पडला.

विसाव्याच्या अंगणातून तार्चिझिओनं आरोळी ठोकली. "क्विरिनो! आज शनिवारी कसा काय? पत्ते काढू?"

क्विरिनोनं एक डोळा मिचकावला. तार्चिझिओला कळेना. मग त्यानं दोन्ही मिचकावले.

"डोळ्यात काही गेलं का रे?"

"धूळ! धूळ गेली!"

"अर्मीदा, तुला नेहमीचंच ना?" म्हणत तार्चिझिओनं तिच्या हातात ब्रेड आणि चीजची पुरचुंडी ठेवली.

नेहमीचंच? क्विरिनोचे कान टवकारले. पण विचारायचं कसं? चोराच्या मनात चांदणं! विचारायला गेलो आणि उलट तिनंच काही विचारलं तर?

विसाव्याच्या पुढे त्याच्यासाठी सगळा परमुलूख. दगडांवर लाल-पांढरे पट्टे ओढलेले असतात, ते बघत जायचं, एवढं पोरंही जाणतात. पण पट्टे शोधताना दिसलं तर अब्रू गेली! तो मान ताठ ठेवून चालत राहिला. एका जागी वाट फुटली.

"उजवीकडे!" तो ठासून म्हणाला.

"तिकडे शेळ्या जातात."

"या डोंगराचं मला शिकवू नकोस!"

गेला उजवीकडे. पाचच मिनिटांत दगडगोट्यांची घसरण लागली, पायाखालचं सगळं हललं आणि क्विरिनो बसल्या बसल्या वीस हात खाली आला. थेट अर्मीदाच्या पुढ्यात. ती दगडावर बसून ब्रेड खात होती. वरून तीन शेळ्या वाकून बघत होत्या.

"जवळची वाट होती ती," तो धूळ झटकत म्हणाला.

"हो, खाली यायची."

पुढे तर तिनं कमालच केली. खडकाआडचा झरा कुठे आहे ते तिला ठाऊक! शेवटच्या कड्यावर साखळीला धरून ती अशी सरसर चढली, जणू स्वतःच्या माळ्यावर कांदे आणायला निघालीय. क्विरिनो मागून चार पायांवर, ओठांवर ठाऊक असलेल्या सगळ्या संतांची नावं आणि डोक्यात एकच प्रश्न. हिला हे सगळं माहीत कसं?

वर पोचला तेव्हा त्याला बोलायलाही दम नव्हता. क्रुसाला धरून उभा राहिला. वारा असा की टोपी हातात घ्यावी लागली. समुद्र? समोर पलीकडच्या मोठ्या शिखराची पाठ आणि ढग. समुद्राचा पत्ता नाही.

"काढ वही," अर्मीदा म्हणाली.

"काढतो. तू जरा... तिकडचं दृश्य बघ ना!"

ती वळली. त्यानं पटकन मागच्या खिशात हात घातला आणि बाहेर काढला तो निळा, हिरवा, जांभळा, लाल! घसरणीत सहा पेनांचा चुराडा झाला होता. सातवं कसंबसं जिवंत होतं. त्यानं वही उघडली, समासात पेन टेकवलं. उमटेना! झटकलं, फुंकर मारली, तरी कागदावर नुसता चरा.

"सात पेनं कशाला रे, एका सहीला?"

अर्मीदा मागेच उभी होती. तिनं अंबाड्यातून पेन्सिलीचा तुकडा उपसला. "डब्यात दव शिरतं. कागद कायम ओला असतो, पेन चालत नाही. वर येणारा माणूस शिसपेन्सिल आणतो."

क्विरिनोनं पानं उलटली. खरंच की! अकरा वर्षं, सगळी पेन्सिलीत. आणि एका सप्टेंबरच्या पानावर ओळखीचं अक्षर:

"अर्मीदा. हवा छान. क्विरिनो यंदाही विसाव्यापर्यंतच. तार्चिझिओकडून तीन डाव हरला."

पुढच्या सप्टेंबरात: "अर्मीदा. क्विरिनो विसाव्यापर्यंत. पाच डाव हरला, पण गुडघ्याची माती झकास." त्याच्या पुढे: "यंदा एक डाव जिंकला. शाबास!" अकराच्या अकरा वर्षं! आणि प्रत्येक ओळीखाली गावाची भर. डॉक्टर मार्झारी: "गुडघा उत्तम आहे. मी तपासलाय." पोस्टमन: "ऑगस्टात वरून लाल टोपी दिसली. पत्ते पिसत होती." खुद्द फादर चेलेस्तिनो: "प्रभू धीरानं वाट बघतोय."

म्हणजे अख्ख्या गावानं ही वही वाचली होती. न वाचलेला वाल्दोरेनात एकच माणूस, क्विरिनो!

तो मटकन खाली बसला. लाज अशी वाटली की कानाच्या पाळ्या टोपीहून लाल झाल्या.

"बहिणीकडे जायचीस ना तू?" शेवटी त्यानं विचारलं.

"एक दिवस बहिणीकडे, एक दिवस इकडे."

"मग अकरा वर्षं बोलली का नाहीस?"

"लिहीत होते की! म्हटलं, कधीतरी वर येशील आणि वाचशील."

क्विरिनोला रागवायचं होतं, पण राग येईना. आपण फसवत होतो आणि ही वाट बघत होती. त्यानं पेन्सिल घेतली आणि शेवटच्या पानावर उरलेल्या एकुलत्या ओळीत लिहिलं: "क्विरिनो. पहिलीच खेप. बायकोनं आणलं."

मग नवी वही डब्यात ठेवत हळूच म्हणाला, "अर्मीदा, पेन्सिलच आहे... तुझ्याकडे रबर असेल ना गं?"

"आहे. आणि ते पिशवीतच राहणार."

रविवारी मिस्सा झाल्यावर फादरनी वही उघडली आणि सरळ शेवटची ओळ वाचली. चौकात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की घंटाघरावरची कबुतरं उडाली. मागचं काही त्यांनी वाचलं नाही. वाचायची गरजच नव्हती, गावाला ते पाठ होतं.

तेवढ्यात कालच मुक्कामाला आलेल्या मिलानच्या एका बाईंनी कुतूहलानं विचारलं, "वरून खरंच समुद्र दिसतो का हो?"

सगळे क्विरिनोकडे बघायला लागले. त्यानं अर्मीदाकडे पाहिलं, टोपी काढली आणि म्हणाला, "नाही हो बाई, समुद्र नाही दिसत. पण तार्चिझिओच्या अंगणातलं टेबल मात्र अगदी स्वच्छ दिसतं. हातातले पत्तेसुद्धा!"

पोस्टमनला सगळ्यात जास्त हसू फुटलं. फुटणारच. लाल टोपीची ती ओळ त्यानंच लिहिली होती ना? तो पोस्टमन मीच. आता त्या टोपीवाल्याला हसू दाबून रोज टपाल कसं नेऊन देतो, ते माझं मलाच ठाऊक!