गाभण म्हशीचं इंडक्शन

आमचे आबाभाऊजी गाभण म्हशीच्या पोटाला तोंड लावून बोलतात. पुनावळ्यात, तीन टॉवरांच्या मधे उरलेल्या गोठ्यात, रोज सकाळी पाऊण तास. बाल्कन्यांतली मंडळी चहाचे कप घेऊन बघतात. भाऊजी त्यांना हात करतात आणि पुन्हा पोटाला लागतात.

"ऐकतंय का? भायेर आलं की डाव्या अंगाला फरशी हाय, पाय घसरंल. आईची शिंगं जपून."

त्यांचा सारा जन्म चाकणच्या कंपनीत गेला. तिथं नव्या माणसाला पहिल्या दिवशी इंडक्शन देतात: दार कुठं, मशीन कुठलं, हात कुठं घालायचा नाही. रिटायर झाल्यापासून भाऊजी ते रेडकाला जॉइनिंगच्या आधीच देतात.

"वैनी, माणसाचं पोर ट्रेनी म्हणून येतं. मेंदू निम्माशिम्मा, बाकीचा भायेर भरतो. रेडकाला तासाभरात उभं ऱ्हायचं असतं, म्हणून त्याचा बराचसा आतच तयार व्हतो. ते परमनंटच येतंय."

यातलं मेंदूचं ज्ञान जनावरांच्या डॉक्टरांचं, 'परमनंट' हा शब्द भाऊजींचा.

मी या घरात आले ती बीएस्सी होऊन. म्हणजे जगातलं सगळं ठाऊक होतं, फक्त चूल पेटवता येत नव्हती. भाऊजी म्हणाले, "म्हैस मला वळखती." मी पदर सावरून सुनावलं, "जनावराला मेंदू असतो तो शेपूट हलवण्यापुरता." तेवढ्यात म्हशीनं ती शेपूट, शेणासकट, माझ्या तोंडावरून फिरवली. आता नातवंडं झाली, पण तो वास अजून आठवतो.

या खेपेला म्हैस अडली. डॉक्टरांनी रेडकू ओढून काढलं तेव्हा ते निपचित होतं. श्वास लागला, पण दीड तास झाला तरी उठेना, सड तोंडात धरेना. "वाटेत हवा कमी पडली, डोकं सुन्न झालंय. दूध ओढायला लागलं तर वाचेल," एवढं सांगून डॉक्टर गेले.

मी आपलं सवयीनं म्हटलं, "भाऊजी, तुमचा परमनंट झोपलाय."

ते हसले नाहीत.

"आमची सुमीबी अशीच अडली व्हती. ती पोटात असताना मी येक शब्द बोललो न्हाई, वैनी. सेकंड शिफ्ट, वर ओव्हरटाइम. वाटायचं, आली की बोलू."

सुमी त्यांची मुलगी. आता चाळिशीची आहे, बटण लावायला बाराव्या वर्षी शिकली.

सुमी कधी येऊन बसली कळलं नाही. तिनं वाटीतल्या चिकात बोट बुडवून रेडकाच्या तोंडात घातलं. काही नाही. पुन्हा बुडवलं. आमचे पाय अवघडले, पण सुमीला घाई म्हणून माहीत नाही.

"सावकाश," भाऊजी म्हणाले. ते कुणाला म्हणाले, देव जाणे.

कितव्यांदा तरी सुमी हसली. "बाबा, बोट वढतंय."

भाऊजींनी चिकाची वाटी तिच्या आणखी जवळ सरकवली.