मुंजाजीची अंगभूत उष्णता

चारठाण्याच्या अलीकडे, येलदरी धरणावरून येणाऱ्या वाऱ्याला बरोबर तोंड करून एक सरकारी बियाणे-गोदाम उभे होते. खात्याचे नाव सांगत नाही; कोणतेही घाला, बसेल. १९८५ सालच्या हिवाळ्यात या गोदामाचा रखवालदार मुंजाजी याने एक घोंगडी मागितली आणि प्रशासनापुढे गंभीर प्रश्न उभा राहिला.

अधीक्षक अनंतराव त्या वेळी कार्यालयात, म्हणजे अंगणात होते. हिवाळ्यात टेबल उन्हाबरोबर सरकवायचे ही तिथली जुनी वहिवाट. सकाळी गोदामाच्या पूर्वेच्या भिंतीशी भेटणारे साहेब दुपारनंतर पश्चिमेला सापडत.

"सायेब, लय गारठा हाय. रातच्याला हातात काठी हाय का न्हाई ते बी कळंना झालंय."

"गणवेशात घोंगडी बसत नाही, मुंजाजी."

"मग गणवेशावरून घेतो की."

हा मुद्दा नियमात नसल्याने अनंतराव विचारात पडले. सुदैवाने त्याच आठवड्यात कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य-व्याख्यान होते. डॉक्टर अप्पाराव स्वेटर, कोट आणि मफलर घालून 'थंडी आणि आपल्या ग्रंथी' या विषयावर बोलले. थंडी वाजली की मेंदू आपल्याखालच्या ग्रंथीला कळवतो, ती गळ्यातल्या थायरॉइडला कळवते, थायरॉइड आपला रस रक्तात सोडते आणि शरीर जास्त उष्णता तयार करू लागते. शिवाय मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली ऊब आतच राहते. "पण हे सगळं एका मर्यादेपर्यंतच, अंगावर पांघरूण हवंच," हे डॉक्टरांचे शेवटचे वाक्य टाळ्यांच्या कडकडाटात बुडाले.

अनंतराव तर भारावून गेले. वर मुख्यालय, मधे विभाग, खाली तालुका! "अहो, हे तर आपलंच खातं!" त्यांनी डॉक्टरांना शाल पांघरवली. फोटो निघताच शिपायाने ती हळूच उतरवून घडी केली आणि कपाटात ठेवली. कार्यालयाची शाल एकच होती. मान पाहुण्याचा, शाल साठ्यातली.

दुसऱ्याच दिवशी मुंजाजीला उत्तर मिळाले: 'सदर कर्मचाऱ्याच्या शरीरात उष्णतेची व्यवस्था जन्मतःच बसविण्यात आलेली असल्याने घोंगडी दिल्यास एकाच कामासाठी दुबार पुरवठा होईल. सबब मागणी नामंजूर.'

"मग मी कुडकुडायलोय कशानं, सायेब?"

"व्यवस्था चालू आहे, त्याची ती खूण."

"पर ऊब न्हाई की आली."

"वरून हुकूम निघालाय. खाली पोचायला वेळ लागतो. सरकारी नोकर ना तू? एवढं कळत नाही?"

मुंजाजीला हे पटले. त्याला कायम केल्याचा हुकूमही असाच कधीचा निघालेला होता.

बायको धुरपताबाई हिने मात्र त्याला घरची गोधडी दिली. अनंतरावांनी ती जप्त केली. खासगी उबेमुळे सरकारी ग्रंथी आळशी होतात, असे त्यांचे मत होते. बियाणे पेटेल म्हणून शेकोटीला तर आधीपासूनच बंदी होती.

संक्रांत झाली आणि मुंजाजी तापाने फणफणला. अनंतरावांनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघा! उद्दिष्टापेक्षा जास्त उष्णता, तीही विनाखर्च!" अहवाल वर गेला. आश्चर्य म्हणजे तो पोचला. वरून अभिनंदन आले, जिल्ह्यातल्या उरलेल्या रखवालदारांना चुकून मिळालेल्या घोंगड्या परत मागवण्यात आल्या आणि सव्वीस जानेवारीला मुंजाजीचा जाहीर सत्कार ठरला.

सत्काराला त्याला दोघांनी बखोटीला धरून आणले. अनंतरावांनी ग्रंथींवर भाषण केले आणि त्याला शाल पांघरवली. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच मुंजाजीची कुडकुड थांबली. त्याने डोळे मिटले. फोटो निघाला. शिपाई शाल उतरवायला पुढे झाला, तोच बायकांच्या रांगेतून धुरपताबाई उठली आणि तिने शालीचे टोक मुठीत धरले.

"बाई, सोडा. शाल कार्यालयाची आहे," अनंतराव म्हणाले.

"आन् मानूस कुनाचा हाय?"

"अहो, एवढा मान दिलाय त्यांना!"

"मान तुमी ठिवा, सायेब. कपाटात मावंल. शाल आमी न्यायलोत."

तिने शाल नवऱ्याच्या कानांवरून घट्ट ओढली आणि त्याला धरून, दवाखाना गाठायला, जिंतूरच्या एसटीच्या दिशेने चालू लागली.

त्या मंडपात, वाचकहो, आपणही होतात. डॉक्टरांचे शेवटचे वाक्य ज्या टाळ्यांत बुडाले, त्यांत आपल्याही होत्या; त्या दिवशी गारठा फार होता आणि टाळ्यांनी हात गरम होतात. सत्कारातही पहिल्यांदा आपणच बोललात. "सत्काराची शाल अशी घेऊन जायची? काही रीतभात?" असे आपण शेजाऱ्याला म्हणालात, आणि स्वेटरची वरची गुंडी लावून घेतलीत.