अर्ध्या गोळीचे डॉक्टर

डॉ. मन्मथ कोरे साठीच्या पुढच्या माणसाला अख्खी गोळी लिहीत नाहीत. दुखायची गोळी अर्धी, तीही जेवल्यावर, तीही पाचच दिवस. लातुरात आमच्या सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीत मी बसते, त्यामुळे गोळ्या मोडायचं पुण्यकर्म माझ्याकडे. कात्रीनं कापून कापून अंगठ्याला घट्टा पडलाय. एकदा चिडून म्हटलं, "डॉक्टर, कंपनीवाल्यानं अख्खी काढली ती काय येडा म्हणून?" तर म्हणाले, "ताई, किडनी कंपनीवाल्याची जात न्हाई."

मूळचे उदगीरकडचे, घरी कन्नड. एखादं म्हातारं माणूस "साहेब, अजून दोन गोळ्या लिवा की" म्हणालं, की हात आडवा करून "साकु, साकु!" म्हणजे पुरे. त्यावर प्रवचन. "माय, गुडघा दुखला तर तुम्ही बसून राहताल. किडनी बसली तर चौघांना उचलावं लागंल." हे मी रोज ऐकते. आता माझ्या पोरीलाही पाठ झालंय.

लोक लई शिव्या देतात. का नाही देणार? रस्त्यापलीकडे एक खासगी दवाखाना आहे. तिथं सरकारी योजनेचं कार्ड दाखवलं की म्हातारीला तीन दिवस पलंग, मणक्यात सुई, आणि घरी जाताना वीतभर चिठ्ठी. दुखायच्या दोन गोळ्या, त्यांनी जळजळ होते म्हणून एक, झोपेची एक, ताकदीची एक. योजना पलंगाचे पैसे देते, सुईचे देते. म्हातारीला नीट उठायला-बसायला शिकवायचे देत नाही. मग सालभरात त्याच म्हाताऱ्या सुजलेले पाय घेऊन आमच्या दारात. डॉक्टर त्यांचे किडनीचे रिपोर्ट बघतात आणि पेन टेबलावर आपटतात. त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही हो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला त्यांचा राग येईल. मला आला होता.

त्यांची आणखी एक खोड. पेशंटच्या तोंडावर त्यांचा विश्वास नाही, पायांवर आहे. दुपारी चहाचा ग्लास घेऊन फाटकाशी उभे राहतात आणि समोरच्या थांब्यावर कोण कसं चालतंय ते बघतात. तिथंच त्यांना गंगाबाई सापडली.

गंगाबाई मुरुडची. सत्तरी गाठलेली, काटक. चार महिने दर मंगळवारी यायची, उजवा पाय ओढत, भिंतीला धरून, "आई गं, आई गं" करत. गुडघा दुखतो म्हणायची. डॉक्टर अर्धी गोळी लिहायचे, मी मोडून द्यायची. त्या मंगळवारी मुरुडची बस आली आणि हीच बाई पदर खोचून पळत सुटली. खिडकीतून पिशवी टाकून जागा धरली आणि कॉलेजच्या दोन पोरांना कोपरानं सारून सगळ्यात आधी आत. डॉक्टर लालबुंद होऊन माझ्या खिडकीशी आले. "ताई, ही बाई चार महिने मला बनवायलीय!"

पुढच्या मंगळवारी भरल्या लाईनीत विचारलं, "माय, खरं सांगा. गुडघा कुणाचा दुखतोय?"

लाईन हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

गंगाबाईनं मान खाली घातली. "गुडघा कुणाचाच न्हाई, साहेब. मालकाची कंबर हाय."

मालक म्हणजे तिचा नवरा. उभा जन्म आडतीवर पोती वाहिली, त्यात अंगठ्याच्या रेषाच गेल्या. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उठेना, म्हणून रेशनकार्डातलं नाव गेलं आणि त्याच्यामागं योजनेचंही. खासगीत कार्डाशिवाय घेईनात, आणि इथवर आणावं तर एसटीत बसवत नाही. लाईनीतल्या बायकांनीच तिला शिकवलं होतं: कंबर म्हणलीस तर फोटो काढतील, माणूस समोर लागंल. तू आपली गुडघा म्हण. म्हातारीच्या गुडघ्याला कुणी काही विचारत न्हाई.

"झोपतात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुठलं झोपतात! टावेल चावतात. शेजारी आयकतील म्हणून."

डॉक्टरांनी गाडीची किल्ली उचलली आणि मला म्हणाले, "जालीम गोळ्या आणि त्यांचं रजिस्टर घ्या आणि चला."

जालीम म्हणजे मॉर्फिनच्या. म्हटलं, "पेशंट समोर असल्याशिवाय त्या गोळ्या देता येत नाहीत, नियम आहे."

"समोरच नेतोय की तुम्हाला!"

मुरुडला पत्र्याच्या खोलीत म्हातारे कुशीवर पडले होते, गुडघे पोटाशी घेऊन. आम्हाला बघून उठायला लागले, नमस्कार करायला. डॉक्टरांनी जुने कागद मागितले. गंगाबाईनं पिशवी उपडी केली. दोन वर्षांपूर्वी, कार्डात नाव होतं तेव्हा, लघवीच्या जागेची गाठ योजनेत काढली होती. "बरं झालं म्हणले व्हते," ती म्हणाली. त्या गाठीच्या तपासणीचा कागद पाकिटात तसाच बंद होता. त्यात कॅन्सर लिहिला होता. डॉक्टरांनी पाठीच्या मणक्याला नुसती दोन बोटं लावली, तर म्हाताऱ्यांनी टॉवेल तोंडात कोंबला.

डॉक्टर मला हळूच म्हणाले, "मणक्यात उतरलाय." तिथंच बसून त्यांनी चिठ्ठी लिहिली. अख्ख्या गोळ्या, दर चार तासांनी, आणि तरी दुखलं तर मध्ये आणखी एक. मी गोळ्या मोजून दिल्या आणि रजिस्टरवर सही केली.

नऊ दिवस म्हातारे शांत झोपले. दहाव्या दिवशी गेले.

तेरावं झाल्यावर गंगाबाई उरलेल्या गोळ्या परत द्यायला आली. सरकारच्या वस्तू घरात कशाला ठेवायच्या, म्हणाली. डॉक्टर खुर्चीतून उठले आणि हात जोडले. "माय, चार महिने मी अर्धीच दिली. माझं चुकलं."

ती बिचारी घाबरलीच. "अवो साहेब, तुमी कशाला हात जोडता? ती अर्धी बी म्या रोज देत नव्हते. तुमी किडनीचं सांगितलं व्हतं न्हवं? म्या भ्याले. दिवसाआड देत व्हते. त्ये मागायचे, म्या न्हाई म्हणायचे."

डॉक्टरांचा चेहरा बघून तिला वाटलं असावं, साहेबाला जरा बरं वाटेल असं काहीतरी बोलावं. म्हणाली, "पन किडनी मातर चांगली ऱ्हायली बघा त्यांची, शेवटपर्यंत."

डॉक्टर परत खुर्चीत बसले आणि अख्ख्या लाईनीसमोर तोंड झाकून रडले. गंगाबाई पुढं झाली आणि लेकराच्या फिरवावा तसा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. लाईनीतलं कुणीही "आमचा नंबर" म्हणालं नाही.